सायलस थर्लोची सही

स्टॅनवेल, मॅसॅच्युसेट्स
२८ एप्रिल १७८३

सायलस,

‘प्रिय’ लिहायचं की नाही यावर मी सकाळपासून अडून बसले होते. शेवटी तो शब्दच गाळला. आठ वर्षांनी बहिणीचं पत्र येतंय, तेव्हा तू एवढ्या तेवढ्यावरून नाक मुरडणार नाहीस असं धरून चालते. मुरडलंस तरी मला इथून दिसणार नाही.

तह झाला. बॉस्टनहून आलेल्या एका माणसाने मागच्या रविवारी, प्रार्थना संपता संपता, सभाघराच्या दारातच सांगितलं. राजाने मान्य केलं म्हणे, की आपण आता त्याचे नाही. मला वाटलं होतं लोक नाचतील. कोणी नाचलं नाही. विधवा पीस बाकावरून उठलीच नाही, तिचे दोन्ही मुलगे या लढाईत गेले. डीकन ऑर्नने मात्र घसा खाकरून लांबलचक आभार मानले, देवाचे आणि थोडेसे स्वतःचेही.

वर मी ‘आपण’ लिहिलं खरं. तुला त्यात धरायचं की नाही, तेच आता गाव ठरवणार आहे.

तू तिकडे उत्तरेला, राजाच्या मुलखात, अ‍ॅनापोलिसच्या खोऱ्यात जमीन घेतलीस आणि पिंपं बनवायची सोडून झाडं तोडतोयस, हे मला कप्तान हास्केलकडून कळलं. तो मासळी घेऊन तिकडे जातो. हे पत्रही तोच आणेल. त्याला दोन घास खायला घाल आणि राजा-प्रजेचा विषय काढू नकोस.

जे सांगायचं ते आधी सांगून टाकते. आई गेली. एकोणऐंशीच्या मार्चमध्ये, छातीत कफ दाटून. शेवटी शेवटी तिला काळाचं भान राहिलं नव्हतं. तू फ्रेंचांशी लढायला कॅनडात गेलायस असंच ती धरून बसली होती. “सायलसचे मोजे झाले का विणून?” असं रोज विचारायची. मी हो म्हणायची. रोज खोटं बोलणं जड जायला लागलं तेव्हा खरंच विणले. ती तुझ्यावर रागावून गेली नाही, एवढं तुला कळायला हवं.

गिडिअनबद्दल तू विचारणार नाहीस. तरी सांगते. माझा नवरा पंचाहत्तरच्या ऑक्टोबरात केंब्रिजच्या छावणीत तापाने गेला. गोळी लागून नाही. त्याला तिथेच पुरलं, कुठे ते कोणाला नक्की सांगता येत नाही.

तर घरात आता मी एकटी. तू परत यावंस असं मला वाटतं. वाटतं काय, दुसरं काही वाटतच नाही. इथून राजाच्या बाजूने गेलेले पाच जण. चौघांची नावं काढली की लोक थुंकतात. तुझं काढलं की गप्प बसतात. गप्प बसतात म्हणजे आशा आहे, असं धरून मी डीकन ऑर्नकडे गेले. राजाविरुद्ध गावाने नेमलेल्या समितीचा अध्यक्ष अजून तोच आहे.

“त्याने कोणाची गंजी जाळली नाही, कोणावर बंदूक रोखली नाही,” मी म्हटलं.

“त्याने समितीला खोटारडं म्हटलं, हिट्टी,” डीकन म्हणाला. “भर सभेत. चौऱ्याहत्तरच्या करारावरची सही माझी नाही, कोणीतरी बनावट केली, असं म्हणाला. ते त्याने मागे घ्यावं. चार ओळी पाठव म्हणावं. नोव्हेंबरच्या गावसभेत मी स्वतः त्याचा विषय मांडतो.”

तो करार तुला विसरता येणार नाही. इंग्लंडचा माल घेणार नाही, आणि जो घेईल त्याच्याशी कसलाही संबंध ठेवणार नाही, अशी देवाच्या साक्षीने शपथ होती ती. आता शपथ गेली, राजा गेला, चहाही गेला. रास्पबेरीच्या पाल्याचा काढा पिऊन पिऊन सगळ्यांची तोंडं वाकडी झालीत. त्या एका सहीवरून तू जन्मभर अस्वलांमध्ये राहणार आहेस का?

मी मजकूर लिहूनच सोबत पाठवते. सही माझीच होती, रागाच्या भरात नाकारली, गावाने क्षमा करावी. तू फक्त खाली नाव घाल.

तुझी बहीण,
हिट्टी


६ ऑगस्ट १७८३

सायलस,

कागद तू सहीशिवायच परत पाठवलास. नावाच्या जागी एक ओळ: “जी सही मी केली नाही ती केली असं मला लिहिता येणार नाही.” वाचून मी हात टेकले. एकोणिसाव्या वर्षी जसा होतास तसाच आहेस, फक्त केस गेले असतील.

बाकीची तीन पानं मात्र मी चार वेळा वाचली. तुझी लाकडी ओंडक्यांची खोली, पावसात गळणारं झाडाच्या सालीचं छप्पर, खुंटांच्या मधून पेरलेला मका. लग्न केल्याचं तू कडेला आडवं लिहिलंस, जशी काही गाय विकत घेतलीस. मुलीचं नाव आईचं ठेवलंस ते बरं केलंस. आणि तिकडेही खाजण आहे, भरतीच्या पाण्याखाली जाणारं गवत आहे, हे वाचल्यावर मी कागद बाजूला ठेवून आपल्या खाजणाकडे एक फेरी मारून आले.

इथे या आठवड्यात खाजणातली कापणी सुरू आहे. घोड्यांच्या खुरांना लाकडी फळ्या बांधल्यात, चिखलात रुतू नयेत म्हणून. माणसं पहाटेच उतरतात, ओहोटी धरून. डास तसेच आहेत, त्यांना स्वातंत्र्याचं काही पडलेलं नाही. दुपारी खुंटांवर रचलेल्या गंजीच्या सावलीत बसून मक्याची भाकरी आणि खारवलेला मासा खाल्ला. तू आणि मी बाबांच्या दोन बाजूंना बसायचो तिथेच, आणि बाबा पणजोबा ओबेडची गोष्ट सांगायचे.

दर वर्षी तीच. ओबेड थर्लो एक कुऱ्हाड, एक लोखंडी भांडं आणि एक बायबल घेऊन बोटीतून उतरला. पहिला हिवाळा त्याने टेकडीच्या पोटात खणलेल्या बिळात काढला. बाबा एवढ्यावर थांबायचे. पुढचं आजी सांगायची, तेही हळू आवाजात. त्या बिळाजवळ कोणीतरी पुरून ठेवलेला टोपलीभर मका त्याला सापडला. तो ज्यांचा होता ती माणसं साथीत मेली होती की नुसती दूर गेली होती, हे त्याने कधी शोधलं नाही. त्या मक्यावर तो जगला, म्हणून आपण आहोत. तू एकदा विचारलं होतंस, “मग त्यांचा मका परत दिला का?” बाबांनी तुझ्या हातात विळा दिला आणि कामाला लावलं.

तुला आठवतं, इंग्लंडला आपण सगळे ‘घर’ म्हणायचो? “घरून बोट आली,” “घरी भाव पडलेत.” आपल्यापैकी कोणीही ते घर पाहिलं नव्हतं. पणजोबाने सोडलं, त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं कोणी फिरकलं नाही, तरी शब्द तोच. तू क्युबेकच्या लढाईवरून आलास तेव्हा टेकडीवर केवढी होळी पेटवली होती. राजाच्या नावाने सफरचंदाच्या दारूची सहा पिंपं रिकामी झाली, सगळी तूच, जाण्याआधी बनवलेली. सगळ्यात मोठ्याने राजाचा जयजयकार कोणी केला असेल? डीकन ऑर्नने. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला होता. मी त्याला परवा याची आठवण करून दिली तर म्हणतो, “थंडी बाधली होती.”

मग कुठल्या दिवशी आपण इंग्रज राहिलो नाही? मी शोधलं, मला तो दिवस सापडत नाही. लोक म्हणतात कागदांवर मुद्रांकाचा कर आला तो दिवस, कोणी म्हणतं चहाचा. मला वाटतं त्याच्याही किती तरी आधी. राजा तिकडे होता आणि इकडे कुंपण किती उंच असावं, पाद्र्याला सरपण किती गाड्या द्यावं, कोणाची डुकरं मोकाट सुटली, हे सगळं आपण सभाघरात हात वर करून ठरवत होतो. माझं लग्न झालं त्या वर्षी गावाने गिडिअनला डुक्कर-रखवालदार निवडलं, नव्या नवऱ्याची थट्टा म्हणून. तू जागेवरून ओरडला होतास, “घरात एक सांभाळायला घेतलीच आहे, आता बाकीचीही सांभाळेल.” गिडिअन इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मी आठवडाभर तुम्हा दोघांशी बोलले नाही. तुम्ही दोघं मात्र रोज संध्याकाळी एकत्र बसून पाइप ओढत होतात.

शंभर वर्षं डुकरांवर मत देणाऱ्या माणसांना कोणी लांबून हुकूम सोडला तर ती ऐकतील कशी? हे मला आता कळतं. तेव्हा फक्त भीती कळत होती.

डीकनला मी सांगितलं की तुझं उत्तर अजून आलेलं नाही. पुन्हा विचार कर. तू म्हणतोस शपथ ही माणसाची कातडी असते, ती दोनदा घालता येत नाही. मान्य. पण भाऊही दोन नसतात. मला एकच होता.

हिट्टी


२३ सप्टेंबर १७८३

सायलस,

तुझं दुसरं उत्तर आलं. “हिट्टी, मला खोटं लिहायला सांगू नकोस. त्या दिवशी खोटं ज्याने केलं तो मी नाही.” बास, एवढंच. बायकोचं नाव नाही, पिकाचं नाही. मी पत्र घडी करून बायबलमध्ये ठेवलं आणि दोन आठवडे बायबल उघडलं नाही. आमच्याकडे हे लपून राहत नाही, रविवारी विधवा पीसने विचारलंच, “तुझं पुस्तक कुठे गं?”

आता खरं लिहिते. मध्ये थांबले तर पुढे लिहून होणार नाही, म्हणून सरळ लिहिते.

ती सही मी केली.

जून महिना होता, मंगळवार. गिडिअन समितीतर्फे घरोघर तो करार घेऊन फिरत होता. आपलं घर त्याने शेवटी ठेवलं होतं, तुझ्याशी वाद घालावा लागेल म्हणून. तू ओकच्या फळ्या आणायला जंगलात गेला होतास. शनिवारी सही न केलेल्यांची नावं सभाघराच्या दारावर ठोकणार होते. त्याचा अर्थ काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. आग मागायला गेलं तर निखारा मिळणार नाही, दळण कोणी दळणार नाही, मुलं दगड मारतील आणि आया त्यांना आवरणार नाहीत. तू तर आधीच सांगून मोकळा झाला होतास, की एकोणिसाव्या वर्षी बायबलवर हात ठेवून राजाची शपथ घेतली, दुसरी घेणार नाही.

गिडिअन टेबलाशी बसला होता तेवढ्यात आपली गाय कुंपण मोडून मक्यात शिरली. कागद, दौत, लेखणी टेबलावर टाकून तो धावला. मी तिथे उभी होते. माझ्या हाताला पीठ होतं, ते मी पुसलं हे मला पक्कं आठवतं. म्हणजे मी घाईत केलं असं म्हणायला जागा नाही. हात पुसले, बसले आणि तुझं नाव लिहिलं. देवाच्या साक्षीने, एका माणसाच्या आत्म्याच्या वतीने, त्याला न विचारता. आपल्या पाद्र्याच्या हिशेबात हे चोरीपेक्षा मोठं पाप. मला वाटलं, दोन शब्दांनी भाऊ वाचतो. कोण बघायला जातंय. पुढच्या वर्षी सगळं निवळेल.

गिडिअन परत आला, कागद पाहिला.

“सायलस येऊन गेला?”

“आत्ताच गेला,” मी म्हटलं.

तो इतका खूश झाला, सायलस. मला उचलून गोल फिरवलं, पस्तिशी उलटलेल्या बाईला. “मला माहीत होतं, तो आपल्याला सोडून जाणार नाही,” म्हणाला. तो तुझ्यावर जीव टाकायचा. तुला ते कधी दिसलं की नाही कोण जाणे.

सह्या केलेल्यांची नावं रविवारी प्रार्थनेनंतर मोठ्याने वाचून दाखवतील, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. इतकी वर्षं त्या सभाघरात काढली, तिथे सगळंच मोठ्याने वाचतात, लग्नं, हरवलेली मेंढरं, पापं. आणि मला ते सुचलं नाही. तुझं नाव आलं आणि तू उठलास. “मी सही केलेली नाही.” मग तू पुढे गेलास, कागद मागितलास. बराच वेळ पाहिलास. नंतर म्हणालास, “कागद ज्याने फिरवला त्याला विचारा.”

तेव्हा गिडिअनने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग उठून म्हणाला, “कागद माझ्या ताब्यात होता. जबाबदारी माझी.”

मी आईशेजारी बसले होते. उठायचं होतं, दोन वाक्यं बोलायची होती. माझ्या तोंडाला कुलूप लागलं. गिडिअनला समितीतून काढलं, लोक त्याला मागून ‘सह्याजीराव’ म्हणू लागले. त्याने मला त्या दिवशी वाटेत विचारलं नाही, घरी विचारलं नाही, पुढे कधीच विचारलं नाही. कुंपणाबद्दल बोलत राहिला. न विचारण्यावरूनच मला कळलं की त्याला कळलंय. लढाई सुरू झाली तेव्हा पहिल्या तुकडीत नाव त्याचं. चाळिशी उलटलेला माणूस, गुडघा दुखणारा. मी अडवलं तर म्हणाला, “तिथे तरी माझी सही खरी धरतील.”

आणि तू. नुसती सही केली नसतीस तर तुझ्याशी कोणी बोललं नसतं एवढंच. पण तू समितीला खोटारडं ठरवलंस, म्हणून खिडक्या फुटल्या, म्हणून पिंपांना आग लागली, म्हणून जानेवारीच्या बर्फात तू बॉस्टनला, राजाच्या फौजेच्या आश्रयाला निघून गेलास. निघताना स्वयंपाकघराचं दार वाजवलंस. मी आत होते. चुलीसमोर बसून राहिले.

तुला वाचवायला गेले आणि दोघांनाही घालवून बसले. आठ वर्षं गाव मला बिचारी म्हणतंय. नवरा देशासाठी गेला, भाऊ राजाकडे गेला, बिचारी हिट्टी. मी ते ऐकून घेते आणि मान हलवते.

तू चार ओळी लिहू नकोस. त्या मी लिहीन.

हिट्टी


१२ नोव्हेंबर १७८३

सायलस,

झालं.

पाद्री लव्हेटकडे गेले तेव्हा ते म्हणाले, “इतकी जुनी गोष्ट, मला सांगितलीत तेवढं पुरे.” मी म्हटलं, “कुमारीपणी पोट राहिलेल्या पोरींना तुम्ही मधल्या वाटेत उभं करता, तेव्हा पुरे म्हणत नाही.” मग त्यांनी गोड गोड भाषेत काहीतरी लिहून दिलं, दुर्बळ स्त्री, बंधुप्रेम वगैरे. मी ते चुलीत घातलं आणि स्वतः लिहिलं. सात ओळी.

दोन तारखेला, रविवारी, मी सभाघराच्या मधल्या वाटेत उभी राहिले. पाद्र्याने कागद वाचला. ‘करारावर सायलस थर्लोचं नाव मी लिहिलं. तो खरं बोलला. माझा नवरा गिडिअन वेल्ड याला काही माहीत नव्हतं. त्याने माझा दोष स्वतःवर घेतला.’ रीत अशी की वाचून होईपर्यंत मान खाली ठेवायची. मी ठेवली नाही. गिडिअन बसायचा त्या बाकाकडे पाहत राहिले. तिथे आता फिचचं बिऱ्हाड बसतं, ती माणसं उगाच चुळबुळ करायला लागली.

बाहेर पडताना दोघी-तिघींनी घागरा सावरून मला वाट दिली, चिखलाच्या गाडीला देतात तशी. विधवा पीस मात्र घरापर्यंत सोबत आली. दारात म्हणाली, “माझी पोरं गिडिअनला सह्याजीराव म्हणायची. मी हसायची.” आणि रडली. मीही.

सोमवारी, दहा तारखेला गावसभा झाली. आम्हा बायकांना आत जागा नाही, म्हणून घोड्यांच्या आडोशाला उभ्या होतो. भिंतीतून आवाज येत होते. कोणी म्हणालं, सही खोटी असो नाहीतर खरी, तो राजाच्या जहाजातून गेला तर गेलाच. त्याचंही चूक नाही. मग डीकन ऑर्नचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. पण तो तुझ्या बाजूने बोलला. त्याला बोलायला त्रास होत होता हे भिंतीबाहेर कळत होतं. चौतीस विरुद्ध एकोणतीस. सायलस थर्लोने गावात यावं आणि शांतपणे राहावं.

दुसरा ठराव गिडिअनचा. समितीतून काढल्याची नोंद खोडावी. त्यावर एकही हात खाली राहिला नाही असं म्हणतात.

डीकन बाहेर आला, टोपी हातात घेऊन.

“त्याला मी काढलं होतं, हिट्टी.”

“हो, तुम्हीच.”

“तो छावणीत निघाला तेव्हा मी निदान दारापर्यंत यायला हवं होतं.”

मी तर घरातच होते आणि मीही त्याला खरं सांगून पाठवलं नव्हतं.

कप्तान हास्केल बर्फाआधी एकदा जाणार आहे. पोचलं की कळव. वसंतात पहिल्या बोटीने ये, बायकोमुलीला घेऊन ये. पिंपांच्या कारखान्याचं छप्पर मी नीट करून घेतलंय.

हिट्टी


११ मे १७८४

सायलस,

तुझं पत्र काल आलं. आज सकाळपासून मी तीन कप फोडलेत आणि मांजराला उगाच लाथ घातली आहे.

तुला माहीत होतं.

“पहिल्याच नजरेत ओळखलं, हिट्टी. तुला लिहायला मीच शिकवलं होतं, बर्चच्या सालीवर, कोळशाने. तुझा हात मला ओळखू येणार नाही का? तुझं नाव घेतलं असतं तर त्यांनी तुला तिथेच उभं केलं असतं, आईच्या देखत. म्हणून मी म्हटलं, कागद फिरवणाऱ्याला विचारा. त्यात खोटं काही नव्हतं.”

नव्हतंच. तू आयुष्यात एकही खोटा शब्द बोलला नाहीस. फक्त सगळ्यांची नजर गिडिअनकडे वळवलीस, एवढंच केलंस. तुझी शपथ शाबूत, माझी अब्रू शाबूत, आणि मधल्या मधे तो माणूस गेला. त्यालाही कळलं होतं, आणि तोही गप्प बसला. म्हणजे त्या सभाघरात तीन माणसांना खरं ठाऊक होतं, तिघं एकमेकांवर जीव टाकत होती आणि तिघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. गावाने राजाविरुद्ध तोंड उघडलं, सगळ्या जगाने ऐकलं. आपल्याला आपल्या घरात ते जमलं नाही.

रात्रंदिवस मी हे एकटीने वाहत होते, आणि तू तिकडे खुंट उपटत त्याचंच दुसरं टोक धरून बसला होतास. एक ओळ लिहिली असतीस तर? मी लिहिली असती तर? जाऊ दे. आता भांडण काढलं तर पुन्हा दहा वर्षं जातील, आणि तेवढी आपल्याजवळ नाहीत.

पुढे तू लिहितोस, की गावाने परवानगी दिली तरी तू येणार नाहीस. “गिडिअन नाही त्या घरात मी कोणत्या तोंडाने पाऊल ठेवू?” आणि तुझी मुलगी तिथे जन्मली, तुझ्या हातची पहिली सफरचंदाची रोपं यंदा धरलीत. हे दुसरं कारण मला पटतं. पणजोबाने एकदा सोडलेलं घर पुन्हा पाहिलं नाही, तसं तुझंही होईल, आणि तुझी नातवंडं स्टॅनवेलला ‘घर’ म्हणतील न पाहताच. तुझी जमीन तिकडे झाली असेल तर तिकडेच राहा. मी इथे राहा म्हणून हट्ट धरणार नाही.

पण पहिलं कारण मला मंजूर नाही. कोणत्या तोंडाने म्हणजे काय, जे आहे त्याच तोंडाने. मी त्याच तोंडाने मधल्या वाटेत उभी राहिले. गिडिअनची कबर नाही, तेव्हा त्याच्यापुढे काही बोलायचं असेल तर ते माझ्यापुढेच बोलावं लागेल. दुसरं कोणी उरलेलं नाही.

हास्केलची बोट जूनमध्ये परत इकडे निघेल. आठ दिवस राहा, मग हवं तर जा.

गावाने तुला परवानगी दिली आहे, सायलस. मी अजून दिलेली नाही. ती पत्राने मिळणार नाही. समोर येऊन माग.

तुझी,
हिट्टी